मीटरचा लाल आकडा

पवनी, माघ, मंगळवार संध्याकाळ

आज विजेच्या कार्यालयात स्वतःचं हसं करून घेतलं. मीटर पंधरा हजारांच्या वर दाखवतो आणि बिलात मीटरचा आकडा पंधराशे एक. उरलेलं सगळं एकदम लावतील, या भीतीने गेलो. बाबू म्हणाला, "गुरुजी, शेवटचा लाल आकडा युनिटात नाई धरत. पोट्ट्याईले दशांश शिकवता अन् मीटरचा नाई समजत काय?"

कसा समजणार? मीटर माझी बायको सुमनच पाहायची. दर महिन्याचा आकडा दारामागे पेन्सिलीने लिहायची, लाल आकडा सोडून. तिची ती यादी दिवाळीआधी थांबली आहे. ती गेल्यावरची दोन बिलं मी न पाहताच भरली.

घरी येऊन मागच्या बिलातला आकडा घेऊन वजाबाकी केली. बिल बरोबर आहे, एकोणीस युनिट. तिच्या यादीतून मात्र प्रत्येक महिना तिसाच्या वर येतो. एक माणूस कमी झालं म्हणून एवढा फरक? पुन्हा केली. तेवढेच.

मग ओसरीवरच्या शंभराच्या बल्बकडे लक्ष गेलं. कोंढ्याच्या शाळेतून माझी बस येईपर्यंत ती तो लावून ठेवायची. "कायले जाळून राहिली?" असं मी रागवायचो. "तुमाले पायऱ्या दिसत नाईत म्हणून," एवढंच म्हणायची.

दारामागे दोन महिन्यांची जागा सोडून आजचा आकडा लिहिला, लाल सोडून. उद्या शाळेत जाताना तो बल्ब लावून जावं काय? पण लावणारा मीच आणि येणाराही मीच.