डॉन नेक्तारिओसाठी केळ्याचे काप

२ मार्च, रविवार
आज चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेनंतर फादर योर्मान यांनी मला वाचनपीठावरून खाली उतरविले. वयाने माझ्या विद्यार्थ्याच्या विद्यार्थ्याएवढा माणूस. म्हणाले, "प्रोफेसर, मागच्या बाकांपर्यंत तुमचा आवाज पोचत नाही हो." यापुढे संदेष्ट्यांची वाणी डॉन नेक्तारिओ वाचणार. हा गृहस्थ जन्मभर सान्ता बार्बाराच्या बाजारात गुरांचे लिलाव पुकारीत आला. यशया संदेष्टा त्याच्या तोंडी पडला की वळूचा भाव चढतो आहे असे वाटते. मी लॅटिन शिकविण्यात आयुष्य वेचले.
क्षमेचा काळ बुधवारी सुरू होतो. सूडाला अद्याप सवड आहे.

५ मार्च, राखेचा बुधवार
कपाळी राख घेतली. नेक्तारिओला अंतःकरणपूर्वक क्षमा केली.
सायंकाळी. त्याच्या कपाळावरचा क्रूस माझ्या क्रुसाहून मोठा होता. क्षमा स्थगित.
फादरांची घोषणा: उपवासकाळात दर रविवारी मिस्सेनंतर अंगणात सर्वांना खाणे, ज्याला जे जमेल ते त्याने करावे. शत्रूला जेवू घालावे ही तर धर्माज्ञाच. ती मी पाळीन. तळलेल्या गोड केळ्यांचे काप, वर खारे चीज. पहिल्याच घासाला नेक्तारिओला स्वतःच्या क्षुद्रत्वाची जाणीव होईल आणि सर्वांसमक्ष तो वाचनपीठ मला परत करील. संदेहाला जागा नाही.

७ मार्च, शुक्रवार
तळण्याची जाड केळी आणली. धाकटी बहीण हर्मेलिंदा, जी माझे घर सांभाळते, म्हणाली, "दादा, ही अजून पिवळी आहेत. साल काळी पडू दे की." संयम हा सद्गुण खरा, परंतु तो ज्यांना शत्रू नाहीत त्यांच्यासाठी. लगेच तळली. तिने एक काप चावून पाहिला आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकविला. टेबल आता हलत नाही.
दोष कढईचा.

१२ मार्च, बुधवार
नवी केळी ग्रंथांच्या कपाटात पिकत घातली होती. काळी झाली. चर्चपित्यांच्या ग्रंथांवर चिलटे बसली आहेत. तळताना संदेष्ट्यांचे शाप नेक्तारिओच्या नावे मोठ्याने म्हटले. शेवटच्या शापापर्यंत कढईत कोळसा झाला होता. हर्मेलिंदा म्हणाली, "शाप नंतर दे, दादा. आधी आच कमी कर."
दोष तेलाचा.

१५ मार्च, शनिवार, दुपार
नवी योजना. चीज दुप्पट घालावे. मिठाने नेक्तारिओचा घसा सुकेल, वाचताना आवाज फुटणार नाही. हर्मेलिंदाने विचारले, "पण आधी मिस्सा की आधी खाणं?" योजना निर्दोष होती, केवळ क्रम उलटा. दुप्पट चीज मात्र कायम ठेविले. निदान तहान तरी लागेल.
सायंकाळी. आच मंद. काप मधाच्या रंगाचे, कडा किंचित करपलेल्या. हर्मेलिंदाने एक काप चावून पाहिला. तिने दुसरा घेतला. उद्या नेक्तारिओ संपला.

१६ मार्च, रविवार
अंगणात झुंबड. नेक्तारिओ ताट घेऊन पुन्हा पुन्हा आला. त्याच्या मुखावर पश्चात्ताप शोधीत होतो, तेल सापडले. मला कवेत घेऊन त्याने पुकारा केला, "या, या, प्रोफेसरांचे काप चाललेत. एक वार, दोन वार, मागून बोंब मारू नका." मागच्या बाकांवरची मंडळी सर्वप्रथम पोचली.
नंतर फादरांनी आत बोलाविले. वाचनपीठ स्वीकारण्यापूर्वी एकदा नम्रपणे नाकारावे असे ठरवून गेलो. ते म्हणाले, "प्रोफेसर, गार काप म्हणजे चामडं. लोक बाहेर पडतील तेव्हा गरमागरम हवेत. पुढच्या रविवारपासून मिस्सा सुरू झाली की तुम्ही अंगणात कढई ठेवायची. स्वतःची मिस्सा शनिवारी संध्याकाळी उरकून घ्या."
ठरल्याप्रमाणे मी नम्रपणे नाकारले. त्यांना ऐकू गेले नाही.

२३ मार्च, रविवार
भोंग्यातून संपूर्ण वाचन अंगणात स्वच्छ ऐकू आले. एकही शब्द सुटला नाही. चुकलेले उच्चार मी जागच्या जागी सुधारले. कढईचा चुरचुराट मोठा असल्याने मलाही माझ्या सुधारणा नीट ऐकू आल्या नाहीत.
सर्वांच्या आधी नेक्तारिओ बाहेर आला. ताट पुढे करून म्हणाला, "प्रोफेसर, चीज जरा सढळ हातानं."
मी किसले.