मी गाडीतून का उतरलो, याचा खुलासा

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. तुम्हांला तोंड दाखवण्याची सोय राहिलेली नाही, तेव्हा ते जमिनीकडे असलेलंच बरं. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मी इकडे ठीक. (हे ‘ठीक’ कोणत्या अर्थाने ते पुढे येईलच.) तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची ही, रविवारी सकाळी तुमच्याकडे सुखरूप पोचली असणार. ती एकटीच का उतरली आणि माझ्यासाठी सांगून ठेवलेली चाकाची खुर्ची तुम्हांला रिकामी का परत करावी लागली, याबद्दल ती काय म्हणाली मला ठाऊक नाही. जे म्हणाली ते खरं आहे असं धरून चाला. काहीच म्हणाली नसेल तर तेही खरं आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तिचा फोन बंद असतो, आणि तुमचा तीच उचलते आणि माझा नुसता श्वास ऐकून खाली ठेवते. म्हणून हे पत्र. कुरियरवाला शनिवारपर्यंत पोचवतो म्हणाला आहे.

तुम्ही माझ्यासाठी काय काय केलंत ते आठवलं की जेवण जात नाही. (जेवणही मीच केलेलं असतं, हे दुसरं कारण.) आठवड्यातून तीनदा, चार-चार तास माझं रक्त मशीनवर धुवायला टाकावं लागतं, आणि मशीन काही बॅगेत घालून नेता येत नाही. म्हणून तुम्ही या वयात चार वेळा तिथल्या हॉस्पिटलात जाऊन सोमवार-बुधवार-शुक्रवारची जागा मिळवलीत, तीही खिडकीजवळची. वहिनींनी तर मी येणार म्हणून आधीपासून अख्ख्या घराचं मीठ कमी केलं म्हणे. तुमच्या घरात गेले पंधरा दिवस सगळे जण माझ्या नावाने अळणी जेवतायत, आणि मी इथे.

बेत अगदी सोपा होता. शुक्रवारी सकाळी इथे मशीन, चारची गाडी, रविवारी सकाळी तुमचं स्टेशन, सोमवारी तिथे मशीन. कागदावर तंतोतंत बसत होतं. पण मी तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात कारकुनी केली आहे, दादा. कागदावर सगळ्या गावाला चोवीस तास पाणी असतं.

त्यातून मशीनच्या खोलीत मी ही बातमी फोडली, ही माझी पहिली चूक. आम्ही आठ जण एका वेळेला असतो. सहा वर्षांत आमच्यातलं कुणी रात्रभराच्या प्रवासालाही गेलेलं नाही, आणि मी निघालो तुमच्या गावच्या समुद्रावर, पंधरा दिवस! माझी किंमत एकदम वाढली. शेजारच्या खुर्चीतले मास्तर (निवृत्त, भूगोलाचे, समुद्र फक्त फळ्यावर काढलेला) मला भरती-ओहोटी समजावू लागले. शुक्रवारी सुया काढल्यावर मोठ्या सिस्टरनी सगळ्यांच्या वतीने मला एक गवती टोपी दिली. मी भाषण केलं. ‘तुमच्या सर्वांच्या वतीने मी पाण्यात पाय बुडवीन,’ असं म्हणालो. टाळ्या एका हाताने वाजवता येत नाहीत आणि सगळ्यांच्या दुसऱ्या हातात सुया, म्हणून त्यांनी खुर्च्यांच्या दांड्यांवर थापट्या मारल्या. तो आवाज अजून कानात आहे.

गाडीत बसलो. तुमची बहीण खिडकीशी. चपला काढून, पाय वर घेऊन, समोरच्या बाईंना ‘भावाकडे निघालोय, सात वर्षांनी’ असं तीन वेळा सांगून झालेलं. इतकी खुशीत मी तिला आजार आल्यापासून पाहिली नव्हती. तेवढ्यात समोरच्या बाईंच्या यजमानांनी सहज सांगितलं की गेल्या आठवड्यात हीच गाडी दरड कोसळून तेरा तास माळावर उभी होती. हे गृहस्थ सांगून मोकळे झाले आणि शेंगा सोलू लागले. मी मात्र मनात आकडे मांडायला लागलो. तेरा तास उशीर झाला तर रविवारची रात्र. तेवढं चालेल. पण त्याच्या दुप्पट झाला तर? सोमवार गेला, मग जागा कोण देणार?

दादा, तुम्हांला कधी सांगितलं नाही, पण पहिल्या वर्षी मी मशीनची एक पाळी चुकवली होती. घरी पाहुणे होते, म्हटलं एक दिवसाने काय होतंय. दुसऱ्या दिवशी छातीत पाणी भरलं. कोरड्या खाटेवर, कोरड्या कपड्यांत, बसल्या जागी माणूस बुडू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुमची बहीण पाठीला हात लावून ‘घ्या श्वास, घ्या’ म्हणत होती आणि मला तो घेता येत नव्हता. त्यानंतर मी धीराचा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. तो धीर तीन मशीनवारांच्या मधे मधे असतो. त्यापलीकडे तो नाही, हे मला त्या डब्यात कळलं.

गाडी अजून सुटली नव्हती. मी बाटली उचलली आणि ‘पाणी भरून आणतो’ म्हणून खाली उतरलो. (मला दिवसाला लिटरभर पाणी, तेही घोट मोजून. बाटली भरलेलीच होती. तिच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. खुशीत होती म्हणून असेल.) नळापाशी उभा राहिलो. शिट्टी झाली. गाडी हलली. पाच पावलं टाकली असती तर चढता आलं असतं. मी टाकली नाहीत.

इथवर तरी भित्रेपणाच होता. पुढचं ऐका. तिचा फोन आला. ‘कुठल्या डब्यात चढलात?’ चढलो नसेन ही शंकासुद्धा तिला आली नाही. मी म्हणालो, ‘मागच्या.’ दादा, मी फलाटावरच्या बाकावर बसून म्हणालो, ‘मागच्या डब्यात आहे, गर्दी आहे, पुढच्या स्टेशनवर येतो.’ पुढच्या स्टेशनवर ती दारात उभी राहिली. त्याच्या पुढच्या स्टेशनवरही. तिसऱ्याच्या आधी मी खरं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं.  ती म्हणाली, ‘तुमच्या गोळ्या माझ्याकडे आहेत,’ आणि फोन बंद झाला.

गोळ्या औषधाच्या दुकानातून आणल्या. पण सोमवारी मशीनचं काय? माझ्या नेहमीच्या खोलीत जाणार कसा, टोपी घेऊन? म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात गेलो. ते म्हणाले फाईल दाखवा. फाईल तुमच्या घरी, हिच्या बॅगेत. तेव्हा तिथल्याच बोळातून मी मोठ्या सिस्टरना फोन लावला आणि म्हणालो, ‘मी इकडून बोलतोय, फाईल घरी राहिली, इथल्या ईमेलवर पाठवता का?’ सिस्टर आनंदाने ओरडल्या, ‘अहो, काका पोचले!’ आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. सात जणांनी विचारलं, समुद्र कसा आहे? समोर एक पाण्याचा कूलर होता, त्यातून ठिबकत होतं. दादा, त्या कूलरकडे बघत मी दहा मिनिटं समुद्राचं वर्णन केलं. लाटा आणल्या, होड्या आणल्या. मास्तरांनी विचारलं, ‘ओहोटीनंतर वाळूवर रेघा उमटतात, त्या खरंच दिसतात का हो?’ मी म्हटलं, ‘दिसतात.’  मास्तर बहुधा डोळे मिटून बघत असावेत.

त्या परक्या खोलीत चार तास पडून मी फक्त त्या रेघांचा विचार केला. आज, बुधवारी, आपल्या खोलीत गेलो. दारात उभा राहून सगळं सांगून टाकलं, बाटली, मागचा डबा, कूलर, सगळं. सिस्टर म्हणाल्या, ‘मला सोमवारीच कळलं होतं. ईमेलचा पत्ता याच गावातला होता.’ बाकीच्यांनी माना वळवल्या. मी खुर्चीत बसलो.  मशीनचा आवाज एवढा मोठा असतो हे मला सहा वर्षांत पहिल्यांदा समजलं. सुया काढताना मास्तर फक्त इतकंच म्हणाले, ‘मीही उतरलो असतो. पण तिला घेऊन उतरलो असतो.’

 वहिनींना नमस्कार. घरात सगळ्यांना मीठ सुरू करायला सांगा.

तुमचा (अजून म्हणू देत असाल तर),
मेहुणा

ता. क. साखरेचा डबा ती कुठे ठेवते, एवढं सहज विचारून ठेवा. माझं नाव घेऊ नका.

दुसरा ता. क. ती लगेच परत निघते म्हणाली तर निघू देऊ नका. तिचे पंधरा दिवस तिला पुरे करू द्या. सहा वर्षं ती माझे घोट मोजते आहे. तिला एकदा पोटभर समुद्र बघू दे.

तिसरा ता. क. आता खरं काम. वर ‘मीठ सुरू करा’ म्हटलंय ते खोडावं की ठेवावं, कळत नाही. येत्या शुक्रवारी, म्हणजे परवा, त्याच गाडीचं एक तिकीट मी काढलं आहे. सोमवारची ती खिडकीजवळची जागा गेली नसेल तर धरून ठेवा. रविवारी सकाळी तुम्ही एकटेच स्टेशनवर या. तिला यातलं काही सांगू नका. मागच्या डब्यापर्यंत नीट बघा. मी दिसलो नाही, तर बाजारात गेला होतात म्हणा. तिला दुसऱ्यांदा दारात उभं करायची माझी हिंमत नाही.