वाचायला मागितलेला कागद

बाबा, परवा गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेले होते. मी खुर्चीत, शेजारी तुमचा नातू उभा, आणि डॉक्टर माझ्या डोक्यावरून त्याला विचारतो, "आजींना झोप लागते का?" झोप माझी, गुडघा माझा, जीभही अजून जागेवर आहे. मी म्हणाले, "मला विचारा की." तो हसला. लहान मूल काहीतरी गमतीचं बोललं की हसतात तसा. त्या हसण्याची मला इतकी किळस आली की चिठ्ठी न घेताच मी उठले. मुलगा रिक्षात म्हणाला, "आई, एवढं काय झालं चिडायला?" त्याला काय सांगणार? हेच हसणं मी तुमच्या खाटेपाशी उभी राहून ऐकलं होतं आणि तेव्हा चिडले नव्हते.

एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. चांदवडकडच्या शाळेतून निवृत्त होऊन तुम्ही नाशिकरोडला आमच्याकडे राहायला आला होतात. नव्या चपलेचा खिळा टाचेत घुसला, मधुमेहामुळे जखम भरेना, टाच काळी पडायला लागली आणि आम्ही तुम्हाला दवाखान्यात भरती केलं. त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, नुसतं आठवलं तरी तोंड कडू होतं. ज्या स्टुलावर लघवीचं भांडं, त्याच स्टुलावर तुमचं जेवणाचं ताट. तुम्हाला तिथे नाव नव्हतं. तुम्ही 'अकरा नंबर'. अकराला पुसून घ्या, अकराचं इंजेक्शन राहिलं. आया भर वॉर्डात तुमचं धोतर सोडायची. तुम्ही म्हणालात, "बाई, पडदा तरी ओढा." ती म्हणाली, "आता तुमचं कोण बघतंय, म्हातारबाबा? लय नखरे हायेत बुवा तुमचे!" आजूबाजूच्या खाटांवरचे नातेवाईक खिदळले. मीही ओशाळल्यासारखी हसले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात.

मोठे डॉक्टर राउंडला येतात, खाटेच्या पायथ्याशी उभे राहतात आणि मला विचारतात, "शुगर किती वर्षं?" तुम्ही सांगता, "नऊ वर्षं." ते माझ्याकडेच बघत राहतात. मी "नऊ वर्षं" म्हटलं की मग लिहून घेतात. रोज हेच. शेवटी एकदा तुम्ही उशीवरून उठून बसलात आणि वर्गात बोलायचात त्या आवाजात म्हणालात, "डॉक्टरसाहेब, पाय माझा आहे. काय करायचं ठरवताय ते मला सांगा. मी रडणारबिडणार नाही." डॉक्टर हसले. "गुरुजी, तुम्ही फक्त आराम करायचा." आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी काय केलं? तुम्हालाच दटावलं. "बाबा, गप्प बसा ना! ते चिडले तर आपल्याकडे बघायचे नाहीत."

खरं तर तुम्ही मला हे कधीच शिकवलं होतं. मी कचेरीत नवी नवी कारकून होते तेव्हाची गोष्ट. डबा विसरले म्हणून तुम्ही तो घेऊन आलात. खिडकीशी सटाण्याकडचे एक आजोबा होते. मी मान वर न करता त्यांचा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवला. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही विचारलंत, "सही येते का, विचारलंस त्यांना?"

"बाबा, रांग बघा केवढी आहे."

"तुझ्या आजोबांचा अंगठा असाच धरायचे. धरणाऱ्याला तेव्हाही घाईच असायची."

एवढं बोलून तुम्ही निघून गेलात. आपल्या घरातली पहिली सही तुमची. दर रविवारी विहारात वस्तीतल्या बायकांना बसवून तुम्ही त्यांच्याकडून त्यांची नावं गिरवून घ्यायचात. एखादीला जमलं की स्वतःच लाजायचात. हे सगळं पाहिलेली मी तुमची मुलगी.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "पाय ठेवला तर माणूस जाईल. त्यांना सांगू नका, खचतील." मी मान हलवली. आपल्याकडे हीच माया समजतात, बाबा. ज्याचं दुखणं त्याला सोडून सगळ्यांना सांगायचं. शेजारणीला माहीत होतं, आयेला माहीत होतं, खालच्या चहावाल्यालाही माहीत होतं.

सकाळी वॉर्डबॉय संमतीचा कागद आणि शाईचं पॅड घेऊन आला. तुम्ही हात पुढे केलात. "आण, आधी वाचतो." मग माझ्याकडे वळून, "चष्मा दे गं."

मी म्हणाले, "घरी राहिला." तो माझ्या पर्समध्ये होता. मीच तासाभरापूर्वी उशाखालून काढून ठेवला होता. तुम्ही वाचाल, मग प्रश्न विचाराल आणि कदाचित नाही म्हणाल, या भीतीने.

"मग तू वाचून दाखव."

"मी वाचलाय, बाबा. जखम साफ करणार आहेत. नेहमीचाच कागद आहे."

वॉर्डबॉय घाईत होता. "बाई, अंगठाच घेऊ ना? म्हातारी माणसं सही करायला बसली का लय टाइम लावत्यात."

मी म्हणाले, "घ्या." तीस वर्षं पोरांची अक्षरं घोटून घेणाऱ्या माणसाचा अंगठा त्याने धरला आणि उमटवला. तुम्ही त्याच्याकडे पाहिलं नाहीत. माझ्याकडे पाहिलंत. आज हे लिहितानाही मला स्वतःची शिसारी येते.

शुद्धीवर आल्यावर चादरीखालची सपाट जागा तुम्ही हाताने चाचपून पाहिलीत. ओरडला नाहीत. मग चादरीच्या टोकाने अंगठ्यावरची निळी शाई पुसत बसलात. ती निघत नव्हती. भेटायला आलेले लोक मला म्हणत होते, लेक असावी तर अशी. आणि मी त्यांना चहा देत होते.

पाय कदाचित जायलाच हवा होता. मी काही डॉक्टर नाही. पण तुम्हाला सांगून जायला हवा होता. पुढे तुम्ही आठ महिने काढलेत. माझ्याशी नीट बोलायचात, पेपर वाचून दाखवायचात, एका शब्दानेही टोचलं नाहीत. त्यापेक्षा थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं. फक्त एकदा, आपण गॅलरीत उन्हात बसलो असताना, तुम्ही विचारलंत, "त्या कागदावर कुठवर लिहिलं होतं गं? गुडघ्याच्या खाली की वर?"

"वर," मी म्हणाले.

"तू वाचलं होतंस?"

"हो."

तुम्ही हातातल्या पेपरची घडी घातलीत. मग म्हणालात, "बरं झालं. दोघांपैकी एकाने तरी वाचला." आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी करून साड्यांच्या खाली ठेवून देईन. तेवढ्यासाठीही धीर लागला इतकी वर्षं. बाबा, मी तो कागद वाचला नव्हता. त्यावर कुठवर लिहिलं होतं, मला आजही माहीत नाही.