तळ्यापाशी चार मिनिटं

१ जानेवारी, सकाळी ५.५०

आंघोळ झाली, देवापुढे दिवा लावला, मग ही नवी वही उघडली. संकल्प एकच. यंदा सहल. स्वतःच्या गाडीने, स्वतः चालवत. चार दिवस. डोंगर, तीन तळी आणि वाटेतली पाच लहान गावं.

लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी ही म्हणाली होती, मला ते मोठं तळं बघायचंय. नऊ वर्षांची असताना वडिलांबरोबर बसने त्या रस्त्याने गेली होती. वाटेत झोप लागली. वडिलांनी उठवलं तोवर तळं मागे गेलेलं. मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षी जाऊ. त्याला चोवीस वर्षं झाली. मी शब्दाचा पक्का आहे. कुठलं वर्ष, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

लेक एक जूनला नोकरीसाठी लांब चालली आहे. म्हणजे तिघांनी जायचं तर मेअखेरच्या आत. पाच महिने आहेत. बस डेपोत एकवीस वर्षं वेळापत्रकं बनवणाऱ्या माणसाला हा हातचा मळ.

९ जानेवारी, डेपोत, चहाच्या वेळी

आराखडा हाती घेतला. गावच्या शाळेत गुरुजी म्हणत, नकाशा वाचता आला की अर्धा प्रवास झाला. या न्यायाने माझा अर्धा प्रवास शेकडो वेळा झालेला आहे. घाटातलं एकेक वळण पाठ. कुठला चढ किती मिनिटं खातो, कुठे समोरून गाडी आली तर थांबावं लागतं, सगळं. एक म्हातारा चालक म्हणाला, भाऊसाहेब, एकदा बसा की गाडीत, बघून तरी या. मी म्हटलं, बघायला डोळे पुरतात, वेळापत्रकाला डोकं लागतं. तो चहा पीत राहिला. पटलं असावं.

२४ जानेवारी

गाडी आली. जुनी आहे, पण इंजिन ठणठणीत. मेहुण्याने बघून दिली. हा हिचा धाकटा भाऊ, ट्रक चालवतो, त्याच घाटातून, आठवड्यातून दोनदा. म्हणाला, दाजी, मी चालवतो. तुम्ही शेजारी नकाशा घेऊन बसा, ताई मागे ऐसपैस बसेल. मी नम्रपणे नाही म्हटलं. दुसऱ्याने जप करून आपल्याला पुण्य लागत नाही. तो म्हणाला, पुण्य राहू द्या, आधी ब्रेक कुठला ते बघा.

लायसन्स माझ्याकडे अकरा वर्षांपासून आहे. एकदाही वापरलेलं नाही. त्यामुळे अगदी कोरं राहिलं आहे.

११ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

सराव सुरू. गाडी फाटकाबाहेर काढली, सफाईने. आत घेताना खांब मध्ये आला. डावीकडचा आरसा सध्या कपाटावर ठेवला आहे. लेक म्हणाली, बाबा, रिव्हर्स घेताना आरशात बघायचं असतं, आरसा काढून ठेवायचा नसतो. ही ओल्या फडक्याने खांब पुसत होती.

यावर विचार केला. घाटात रिव्हर्स लागत नाही. रस्ता पुढेच जातो. तेव्हा या विषयावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

३ मार्च

आराखड्याची चौथी प्रत पूर्ण. आता खरी गोळीबंद झाली. प्रस्थान ५.४०. पहिला चहा ७.२५ ते ७.४०. लहान तळं ९.१० ते ९.३०. मोठं तळं ११.५५ ते १२.३५. म्हणजे तळ्यापाशी पूर्ण चाळीस मिनिटं. इतका मोठा थांबा मी आयुष्यात कुणाला दिलेला नाही.

हिला दाखवलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. मग विचारलं, पाण्यात पाय सोडून बसले तर? मी म्हटलं, त्यासाठी शेऱ्याच्या रकान्यात दहा मिनिटं राखीव आहेत. म्हणाली, राखीव कशाला, पाय माझेच आहेत ना? आणि आत गेली. थट्टा तिला पूर्वीपासून जमते.

२८ मार्च

उद्या निघायचं होतं. पुढे ढकललं. मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटली. भरून घेता आली असती. पण ऐन वेळी मनात आलेली शंका हा वरचा इशारा असतो, अशी माझी श्रद्धा आहे. संध्याकाळी मेहुण्याचा फोन. म्हणाला, दाजी, देवाने डावा टायर सांगितला की उजवा? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

हिने भरलेल्या पिशव्या रिकाम्या केल्या. कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. तसं काही कारण नव्हतं.

१९ एप्रिल

दुसरी तारीखही हुकली. या उन्हात तळ्याला पाणी कमी असणार, हे मी हिला नीट समजावलं. लेकीने विचारलं, मग पावसात जायचं का? म्हटलं, पावसात घाट निसरडा होतो. थंडीत? थंडीत धुकं. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला चौथा ऋतू लागणार. ही हसली. फार दिवसांनी हसली म्हणून मीही हसलो. नंतर वाटलं, हसायला नको होतं.

२ मे, सकाळी ६.४५

मेहुणा ऐकेना म्हणून त्याच्याबरोबर डेपोमागच्या चढावर गेलो. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची, एवढंच. थांबवली. उचलताना ती मागे जाऊ लागली. मागे एक बाई दुधाची किटली घेऊन उभी होती. मेहुण्याने हँडब्रेक ओढला. बाई किटलीसकट बाजूला झाली आणि बरंच बोलली. त्यातलं काही खरं होतं, पण भाषा बरोबर नव्हती.

मेहुण्याने एक सिगारेट ओढली. मग हळू आवाजात म्हणाला, दाजी, भीती वाटते तर वाटते म्हणा की. मी ट्रकवर लागलो तेव्हा पहिला महिना रोज ओकत होतो. त्यात काय? मी म्हटलं, भीतीचा संबंध नाही. तो माझ्या हातांकडे बघत होता. सकाळच्या गारव्याने हात थोडे थरथरत होते. मे महिना असला तरी सहाच्या सुमाराला गारवा असतोच.

२३ मे, संध्याकाळी

उद्या. आता यात बदल नाही. नऊ दिवसांनी लेक जाणार, तेव्हा हीच शेवटची संधी. टायर, पाणी, तेल, सगळं दोनदा पाहिलं. आराखड्याच्या तीन प्रती, प्रत्येकाला एक. हिने नवी चप्पल घेतली आहे, पाण्यात भिजली तरी चालेल अशी. संध्याकाळी घरातल्या घरात ती घालून फिरत होती.

प्रार्थना नेहमीपेक्षा जास्त वेळ केली.

२४ मे, सकाळी ६.३५

फेरी रद्द.

कारण रीतसर नोंदवून ठेवतो. प्रस्थान ५.४०. मी ५.३१ला हात जोडून गाडीत बसलो. ५.४०ला दोघी आल्या. ५.४२ला ही गॅस बंद केला का ते बघायला परत घरात. तिथून शेजारणीकडे किल्ली द्यायला. शेजारीण किल्ली घेऊन गप्प बसणारी नाही. ही आली तेव्हा ५.५६ झाले होते.

डेपोचा नियम आहे. बस सुटायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर ती फेरी रद्द करायची. नाहीतर पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं. नऊ वर्षांपूर्वी हा नियम मीच सुचवला होता. आता घरच्यांना वेगळा नियम आणि प्रवाशांना वेगळा, हे माझ्या मनाला पटत नाही. देवाच्या दारात सगळे सारखे, तसे घड्याळाच्याही. सोळा मिनिटं झाली होती. मी इंजिन बंद करून उतरलो.

लेक म्हणाली, बाबा, एका मिनिटासाठी? मी म्हटलं, मिनिटाचा प्रश्न नाही. ती म्हणाली, मग कशाचा आहे ते सांगा. मी आत येऊन घड्याळाला किल्ली दिली.

ही गाडीतच बसून राहिली. मांडीवर पिशवी, नजर समोर. समोर आमचंच फाटक. ६.२२ला उतरली. तिने मला फक्त विचारलं, तुमचे हात का थरथरताहेत? रागाने, मी म्हटलं. ती म्हणाली, बरं.

गाडीवर कव्हर घातलं. उगाच धूळ बसते.

१ जून

लेकीला स्टँडवर सोडलं. बस वेळेला सुटली, मिनिटाचाही फरक नाही. एरवी मला अशा वेळी समाधान वाटतं. निघताना ती म्हणाली, आईला घेऊन जा हो बाबा. मी म्हटलं, पुढच्या वर्षी तू सुट्टीला आलीस की तिघं मिळून. तिने खिडकीची काच वर केली. आत एसी असणार.

१२ जून, संध्याकाळी ७.१५

सकाळी देवपूजा आटोपून बाहेर आलो तर ही घरात नाही. ओट्यावर माझा डबा, डब्याखाली चिठ्ठी. सहा पाचच्या बसने तळ्याला जाते आहे, संध्याकाळी येईन, दूध तापवा.

दूध उतू गेलं.

ती ६.४०ला आली. हातात चप्पल, पायांवर वाळलेला चिखल. विचारलं, कसं होतं? म्हणाली, छान होतं. विचारलं, बस वेळेवर होती का? म्हणाली, वेळेवर होती. मग पाय धुतले आणि जेवण गरम करू का म्हणाली. शेगडी बघून फडकं घेतलं.

मला राग आलेला नाही. फक्त एवढंच की आराखड्यात तळं दुसऱ्या क्रमांकावर होतं. लहान तळं न बघता मोठं बघणं म्हणजे प्रस्तावना सोडून ग्रंथ उघडणं.

१९ जून, डेपोत

वाहकांकडच्या सूचनावह्या दर आठवड्याला माझ्या टेबलावर येतात. सहा पाचच्या मार्गाच्या वहीत एक सूचना, खाली सही नाही. लिहिलंय, ‘मोठ्या तळ्यापाशी बस चार मिनिटं थांबते. दोन उतरायला, दोन चढायला. मग बघायचं कधी?’

अक्षर ओळखीचं आहे. किराणाची यादी याच अक्षरात असते.

जुना तक्ता काढला. पूर्वी तिथे वीस मिनिटांचा थांबा होता. लगेच टिपण लिहिलं, थांबा पुन्हा वीस मिनिटांचा करावा. साहेबांकडे पाठवलं. सहल राहिली तर राहिली. आता रोज चाळीस माणसं पोटभर तळं बघतील आणि ती माझ्यामुळे. हे हिला मुद्दाम सांगणार नाही. आपोआप कळलेलं जास्त खोल जातं.

२६ जून, डेपोत

टिपण परत आलं. साहेबांनी त्याला एक जुना कागद जोडला आहे, नऊ वर्षांपूर्वीचा. ‘मोठे तळे येथील थांबा वीसवरून चार मिनिटे करण्यात यावा. सदर ठिकाणी प्रवाशांना काही काम नसते.’ खाली माझी सही. त्या वर्षी मला प्रशस्तिपत्र मिळालं होतं, ते याच्याच बद्दल.

साहेबांचा शेरा: मूळ कारण आजही योग्य वाटते. प्रवाशास तसे कळवावे.

२७ जून, संध्याकाळी

निनावी सूचनेला उत्तर द्यायचं बंधन नसतं. तरीही मी उत्तर टाइप करून घेतलं, शिक्का मारला आणि घरी आणून हिच्यासमोर ठेवलं. ती भाजी निवडत होती. हात पुसून तिने वाचलं. शेवटची ओळ, प्रवाशांना काही काम नसते ही, दोनदा वाचली असावी, कारण ओठ दोनदा हलले.

मग म्हणाली, चार मिनिटं आहेत असं वाहकाने सांगितलं, म्हणून मी उतरले आणि बस जाऊ दिली. परतीची तीन तासांनी होती.

मी विचारलं, तीन तास काय केलंस?

म्हणाली, काही काम नव्हतं.

कागदाची घडी करून तिने किराणाच्या यादीबरोबर खिळ्याला लावली. पाणी गार होतं का, असं विचारावंसं वाटलं होतं, पण तोवर भाजी निवडून झाली होती.

जपाला बसलो. मन लागेना म्हणून उठलो आणि तक्ता उघडला. त्या मार्गावर जाणारी आणि येणारी बस यांत तीन तासांचं अंतर आहे, हे खरं. तेही मीच ठेवलेलं आहे. म्हणजे नीट पाहिलं तर तळं तिला मीच दाखवलं.