पोटदुखीचं निमित्त

एर्लांगेन, जर्मनी

आई,

अन्वीच्या वर्गात लैंगिक शिक्षण सुरू झालंय हे ऐकून काल तू फोनवर म्हणालीस, "पोट दुखतंय सांग आणि ठेव तिला घरी." नाही ठेवलं. आज डबा देऊन वेळेवर पाठवलं.

हो, मुलं-मुली एकत्रच बसतात. तिनं सगळ्यांसमोर बाईंना विचारलं, "नको म्हटल्यावर मुलगा रागावला तर?" बाई म्हणाल्या, "रागावू दे. नको म्हणजे नकोच." घरी येऊन सफरचंद खाता खाता तिनं मला हे जर्मनमध्ये सांगितलं, अगदी सहज.

माझ्या हळदीला मीही तुला हेच विचारलं होतं. तू म्हणालीस, "तो म्हणेल तसं कर."

हे पोस्टात टाकत नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर तोंडावरच सांगेन: पुढच्या तासालाही ती जाणार. पोट खरंच दुखलं तरी.

तेव्हा गप्प बसलेली,
स्वरूपा