तालमीतलं रशियन जहाज

कोल्हापूर, श्रावण वद्य त्रयोदशी, सन १९५६

ती. आक्कास,

धाकट्या दत्तूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही सारे खुशाल आहोत; तुझे गुडघे काय म्हणतात? गडहिंग्लजच्या चिखलात फार हिंडू नकोस. तुझं कार्ड पोचलं. भावोजी गेल्यापासून गौरीला तू माहेरी आली नाहीस, आणि विधवेनं गौरीपुढं काय करायचं म्हणून औंदाही येणार नाहीस, असं लिहिलंस. त्यावर मी अवाक्षर काढणार नाही. (हिनं ते कार्ड चुलीपुढं बसून वाचलं आणि डोळे पुसले. धूर झाला होता म्हणे.) मी हे पत्र फक्त जहाजाबद्दल लिहितो आहे.

जहाज म्हणजे आमच्या तालमीच्या गणपतीचा देखावा. गेल्या हिवाळ्यात रशियाचे पाहुणे देशात येऊन गेले, तेव्हापासून गल्लीत जो तो रशियावर बोलतो. मी पडलो इतिहासाचा मास्तर, तोंड गप्प बसतंय होय? पारावर सांगून बसलो, की पीटर नावाच्या तिथल्या बादशहाला समुद्राचं इतकं वेड, की परमुलखात जाऊन हातात सुताराचा वाकस धरून जहाजं बांधायला शिकला. मरता मरता त्यानं बेरिंग नावाच्या दर्यावर्द्याला हुकूम दिला, आशिया आणि अमेरिका जमिनीनं जोडलेत का ते बघून ये. आता तो समुद्र राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला. तर ह्या लोकांनी नांगर, दोरखंड, लोखंड सगळं सैबेरियाच्या बर्फातनं ओढत नेलं आणि तिथं जहाज बांधलं! हे ऐकल्यावर आमचे पिराजी वस्ताद मांडीवर थाप मारून म्हणाले, "ठरलं. औंदा ह्योच देखावा."

शेजारच्या गल्लीला सुगावा लागू नये म्हणून जहाज तालमीत, कुस्तीच्या हौद्याच्या शेजारी, दार लावून बांधलं. पैलवान घोंगडी पांघरून रशियन झाले आणि घामानं निथळले. (त्या खलाशांच्या हिरड्या सडल्या, माणसं मेली, असं सांगितलं तर वस्ताद हळहळले, "दूध न्हाय, बदाम न्हाय, मरतील न्हाय तर काय की!") शिडं लावली, डोलकाठी उभी केली, नारळ फोडला आणि काल जहाज बाहेर काढायला गेलो. आक्का, आता तू हसणार. तालमीचं दार! आत येणाऱ्यानं मान लववूनच यावं म्हणून मुद्दाम बुटकं ठेवलेलं. जन्मभर मी त्यातनं वाकून जातोय, आणि माझ्या टाळक्यात हे आलं नाही. आडवं घातलं, तिरकं घातलं, शेवटी नाक बाहेर नि बूड आत असं जहाज अडकून बसलं. कुणीतरी म्हणालं, चौकट काढू या. वस्ताद दारात आडवे. "चौकटीला हात लावायचा न्हाय. मोठमोठ्या मल्लांनी हितं मान लववलीया." मग ओढाताणीत डोलकाठी मोडली, फळ्या निखळल्या आणि बाहेर आला तो नुसता ढीग. एवढाले गडी, पण अगदी रडकुंडीला आले गं.

मलाही फार वाईट वाटलं. मग तिथंच पायरीवर बसून त्यांना पुढची गोष्ट सांगितली. दुसऱ्या सफरीत अमेरिकेचा किनारा बघून परतताना बेरिंगचं जहाज एका ओसाड बेटावर आपटलं. तो तिथंच वारला. उरलेल्यांनी थंडीभर दुःख केलं, मग फुटक्या जहाजाच्याच फळ्या काढून लहान होडी बांधली आणि घरी आले. (येताना समुद्रातल्या पाणमांजरांची कातडी आणली. त्या लोभानं व्यापारी धावले, बेटांवरच्या गरीब लोकांना राबवून घेतलं आणि रशियाचं राज्य समुद्रापार गेलं. तराजू घेऊन आलेला पाहुणा पुढं काय करतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.) ऐकून पैलवान अंग झाडून उठले. आज त्याच मोडक्या फळ्यांची होडी मांडवात उभी आहे. लहान आहे, पण देखणी आहे गं.

तुझा,
दत्तू

ता. क. गौर घरात कुणी आणायची, यावरून इथं वाद झाला. ही म्हणते, "वन्संच्या हातानंच आणायची." मी रीतभात सांगायला लागलो, तर म्हणाली, "तुमच्या वस्तादाची चौकट तालमीत ठेवा. माझ्या दारात ती नको."

आणखी एक ता. क. अवाक्षर काढणार नव्हतो, पण राहवत नाही. आक्का, कप्तान बेटावर राहिला, तरी बाकीच्यांनी घरी यायचं असतं गं. गौरीच्या आदल्या दिवशी सकाळपासून मी एस.टी. स्टँडवर उभा असेन. पहिल्या गाडीत तू नसलीस, तर दुसरीची वाट बघेन.