एकही मतदान चुकलं नाही

टॉर्सबी, मिनेसोटा
९ मार्च २००४

चि. आल्विन यास,
अनेक आशीर्वाद. गुरुवारी चर्चमध्ये आईला निरोप दिला. पहिल्या बाकावर तुझी जागा धरून ठेवली होती. शेवटी तिथे कोटांचा ढीग पडला. जो तो विचारत होता, खासदारसाहेब कुठे? मी ठोकून दिलं, की सैनिकांच्या प्रश्नावर मतदान आहे आणि सगळं एका मतावर अडलंय. पाद्रीबाबांनी तुझ्यासाठी खास प्रार्थना केली. नंतर कॉफीबरोबर आईच्या पद्धतीच्या बटाट्याच्या पोळ्या होत्या. तुझ्या वाटच्या मीच खाल्ल्या.

जमीन अजून गोठलेली आहे, म्हणून शवपेटी स्मशानातल्या कोठीत ठेवली आहे. दफन अकरा मेला. तेव्हा तरी ये.

तुझी ताई,
बोर्गिल्ड

वॉशिंग्टन
१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मान खाली गेली. सैनिकांचा प्रश्न वगैरे काही नव्हता ग. कुठल्याशा राज्यातल्या पोस्टाला कुणाचंसं नाव द्यायचं होतं. चारशे सहा विरुद्ध शून्य! बावीस वर्षांत एकही मतदान चुकवलं नाही, हे माझ्या प्रत्येक फलकावर लिहिलेलं असतं. ते मोडवेना, एवढंच. विमानाचं तिकीट खिशात घेऊन मी बटण दाबत बसलो होतो. मला फार लाज वाटते. पाद्रीबाबांना खरं सांगून टाक.

लिहायला हात धजत नाही, पण अकरा मेलाही मतदान आहे. दफन चार दिवस पुढे ढकलता येईल का?

आल्विन

टॉर्सबी
२३ मार्च

चि. आल्विन,
आशीर्वाद. दफन पुढे जाणार नाही. पाद्रीबाबांना जे सांगायचं ते तूच येऊन सांग.

एक गोष्ट सांगणार नव्हते. शेवटचे तीन दिवस आई दाराकडे बघत होती. तुझं काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं, पण तुला ओळखते ना! तिलाही तेच सांगितलं, की देशाचं मोठं काम अडलंय. तिला केवढा अभिमान वाटला. म्हणाली, त्याला घाई करू नका, मी थांबते. आणि खरंच थांबली रे, तीन दिवस. डॉक्टरांनी एकच दिला होता.

ताई

वॉशिंग्टन
१८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. सुखरूप पोचलो. बुटांना अजून तिथली माती आहे, पुसवत नाही. पाद्रीबाबांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं फावडं माझ्या हातात दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

परत येताना विमानात उत्तरं घोकत होतो. बावीस वर्षांचा नेम मोडला, सभागृहात सगळे विचारणार, वर्तमानपत्रवाले गाठणार. अकरा मेचा तो ठराव तीनशे अठ्ठ्याण्णव मतांनी मंजूर झाला. आज आठवडा झाला, ताई. माझं मत नव्हतं, हे अजून एकाच्याही लक्षात आलेलं नाही.

यासाठी मी आईला तीन दिवस थांबवून ठेवलं.

उरला असेल तेवढा लोभ असू दे.

तुझा,
आल्विन